सोडतीच्या आधी आणि सोडतीनंतर : अमेरिकेतील चार्टर मिडल स्कूल, पटनोंदणी आणि विविधतेचा प्रश्न

१. प्रस्तावना

शाळेत जागा कमी आणि अर्ज जास्त असतील, तर प्रवेश कोणाला द्यायचा? गुणवत्तेवर दिला, तर आधीच शिकवणी मिळालेली मुले पुढे जातात. पैशांवर दिला, तर गरीब मुले बाहेर राहतात. घराच्या पत्त्यावर दिला, तर वस्ती जशी तशी शाळा होते. म्हणून अनेक देशांत सोडतीचा, म्हणजे लॉटरीचा, मार्ग निवडला गेला. चिठ्ठीला जात, वर्ण, उत्पन्न काही कळत नाही. त्यामुळे सोडतीने भरलेल्या शाळेत समाजाचे सगळे थर आपोआप दिसतील, असे आपल्याला वाटते.

अमेरिकेतील चार्टर शाळा हा या समजुतीची परीक्षा पाहणारा तीस वर्षांहून मोठा प्रयोग आहे. या शाळा सरकारी पैशावर चालतात, फी घेत नाहीत आणि अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. तरीही त्यांतील अनेक शाळांच्या पटावर जवळजवळ एकाच वर्णाची किंवा एकाच आर्थिक थराची मुले दिसतात. असे का होते, हे या टिपणात इतिहासाच्या आधारे पाहू. मुख्य मुद्दा असा : शाळेच्या पटाचे स्वरूप बव्हंशी सोडतीच्या आधी आणि सोडतीनंतर ठरते. सोडत हा मधला एक टप्पा आहे.

काही संज्ञा आधी स्पष्ट करू. अमेरिकेत 'शालेय जिल्हा' म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. तो शाळा चालवणारा स्वतंत्र स्थानिक घटक असतो. तो एखाद्या शहरापुरता किंवा लहान गावापुरताही असू शकतो. त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. 'चार्टर' म्हणजे सनद. शिक्षक, पालक किंवा एखादी संस्था शासनमान्य अधिकाऱ्याशी ठरावीक वर्षांचा करार करून शाळा चालवते. तिला अभ्यासक्रम, वेळापत्रक, नेमणुका यांत मोकळीक मिळते. त्या बदल्यात निकाल दाखवावे लागतात, अन्यथा सनद रद्द होऊ शकते. 'मिडल स्कूल' म्हणजे साधारण सहावी ते आठवी, काही ठिकाणी पाचवीपासून. आपल्याकडील उच्च प्राथमिक टप्प्याशी तिची तुलना करता येईल.

२. मिडल स्कूल हा टप्पा महत्त्वाचा का?

अमेरिकेतील प्राथमिक शाळा सहसा घराजवळ असते. एका मिडल स्कूलमध्ये मात्र अनेक प्राथमिक शाळांची मुले एकत्र येतात. १९६३ साली कॉर्नेल विद्यापीठातील एका परिषदेत शिक्षणतज्ज्ञ विल्यम अलेक्झांडर यांनी या वयोगटासाठी वेगळ्या शाळेची कल्पना मांडली. नंतरच्या दशकांत जुन्या 'ज्युनिअर हायस्कूल'ची जागा मोठ्या प्रमाणावर मिडल स्कूलने घेतली.

वेगवेगळ्या वस्त्यांतली मुले एका वर्गात बसण्याची पहिली खरी संधी याच टप्प्यावर येते. त्याच वेळी पालकांचा धीरही इथेच सुटतो. प्राथमिक शाळेपर्यंत शहरात राहिलेली सुस्थित कुटुंबे मुलाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी उपनगरात घर घेतात किंवा खासगी शाळा शोधतात. पुढच्या हायस्कूलची आणि महाविद्यालयाची वाट इथूनच फुटते, असे त्यांना वाटते. त्यामुळे अनेक चार्टर संस्थांनी आपली पहिली शाळा मिडल स्कूल म्हणूनच काढली.

३. 'निवडीचे स्वातंत्र्य' : एक जुना अनुभव

पालकांना शाळा निवडू द्यावी, ही कल्पना चार्टर शाळांच्या बरीच आधीची आहे आणि तिचा पूर्वेतिहास वादग्रस्त आहे. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात एकमताने निर्णय दिला, की सरकारी शाळांत वर्णानुसार मुले वेगळी ठेवणे घटनाबाह्य आहे. दक्षिणेतील अनेक राज्यांनी हा निर्णय टाळण्याचे मार्ग शोधले. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ मध्ये आपल्या सरकारी शाळाच बंद केल्या. त्या १९६४ पर्यंत बंद होत्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या, कृष्णवर्णीय मुलांची शाळेची वर्षे वाया गेली.

दुसरा मार्ग अधिक सौम्य दिसणारा होता. त्याचे नाव 'निवडीचे स्वातंत्र्य'. व्हर्जिनियातीलच न्यू केंट काउंटीत दोन शाळा होत्या : एक गोऱ्यांची, एक कृष्णवर्णीयांची. १९६५ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने जाहीर केले, की कोणत्याही मुलाने कोणतीही शाळा निवडावी. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही. कृष्णवर्णीय मुलांपैकी काहींनी धाडस करून दुसरी शाळा निवडली, पण सुमारे ८५ टक्के मुले जुन्याच शाळेत राहिली. कागदावर कोणालाही मनाई नव्हती. तरी गोऱ्या शाळेत जाणाऱ्या कुटुंबाला नोकरी जाण्याची, शेजाऱ्यांच्या रोषाची भीती होती आणि निवडीचा सगळा भार त्याच कुटुंबावर होता. १९६८ च्या ग्रीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही योजना अपुरी ठरवली. भेदभाव मुळापासून संपवणे ही शाळा मंडळाची जबाबदारी आहे, ती पालकांवर आणि मुलांवर ढकलता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

त्यानंतर काही वर्षे जबाबदारी शासनाकडे राहिली. १९७१ च्या स्वान खटल्यात मुलांना बसने दूरच्या शाळांत नेऊन मिश्र पट तयार करण्याला मान्यता मिळाली. पण १९७४ मध्ये मिलिकन खटल्यात न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी एक महत्त्वाची मर्यादा घातली. डेट्रॉइट शहरात बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती, भोवतालच्या उपनगरांत गोरी. उपनगरी शालेय जिल्ह्यांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या योजनेत ओढता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. शालेय जिल्ह्याची हद्द ही अशा रीतीने एक भिंत ठरली. शहराच्या हद्दीत मिसळायला वेगवेगळ्या थरांतली मुलेच पुरेशी उरली नव्हती. पुढे आलेल्या चार्टर शाळांचा पट समजून घेताना ही हद्द लक्षात ठेवावी लागते.

४. सनदेची कल्पना

'सनदेवर शिक्षण' ही कल्पना मॅसॅच्युसेट्समधील प्राध्यापक रे बडी यांनी १९७० च्या दशकात मांडली, पण ती चर्चेत आली १९८८ मध्ये. त्या वर्षी शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी वॉशिंग्टनमधील भाषणात शिक्षकांनी चालवलेल्या प्रयोगशील शाळांचा पुरस्कार केला. त्याआधी त्यांनी जर्मनीतील कोलोन शहरात एक शाळा पाहिली होती. तिथे स्थलांतरित कामगारांची आणि जर्मन कुटुंबांची मुले एकत्र शिकत आणि शिक्षकांचे गट अध्यापनाचे निर्णय घेत. म्हणजे शँकर यांच्या डोळ्यांसमोरच्या शाळेत मिश्र पट गृहीत होता.

१९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने देशातला पहिला चार्टर कायदा केला. सुरुवातीला फक्त आठ शाळांना परवानगी होती. १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी ही पहिली चार्टर शाळा सुरू झाली. शिक्षण अर्धवट सोडलेल्या तरुणांसाठी ती होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्र सरकारने या शाळांसाठी अनुदान योजना आणली. २०२१ पर्यंत देशात सुमारे ७,८०० चार्टर शाळा आणि त्यांत सुमारे ३७ लाख विद्यार्थी होते. सरकारी शाळांतील एकूण विद्यार्थ्यांच्या तुलनेत हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास येते.

या विस्तारात शँकर यांची मूळ कल्पना बदलली. शिक्षकांच्या प्रयोगशाळेपेक्षा स्पर्धा आणि पालकांची निवड या गोष्टींना महत्त्व आले. शँकर स्वतः १९९० च्या दशकात टीकाकार झाले. मिश्र पटाचे काय करायचे, हे प्रत्येक राज्याने आपापल्या परीने ठरवले. नॉर्थ कॅरोलिनाच्या १९९६ च्या कायद्यात अशी अट होती, की शाळा सुरू झाल्यापासून वर्षभरात तिचा पट त्या भागातील लोकसंख्येच्या वर्णीय रचनेशी बऱ्यापैकी जुळला पाहिजे. अट कायद्यात असली, तरी व्यवहारात अनेक शाळा एकवर्णीयच राहिल्या. २०१३ मध्ये ती सैल करून 'तसा प्रयत्न करावा' इथपर्यंत आणली गेली. मिनेसोटात तर एकात्मीकरणाच्या नियमांतून चार्टर शाळांना वगळण्यात आले होते.

५. सोडतीचे गणित

केंद्रीय अनुदान घेणाऱ्या चार्टर शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर सोडत काढावी लागते. आधीच शिकत असलेल्या मुलांच्या भावंडांना आणि शाळेतील शिक्षकांच्या मुलांना सवलत देता येते. उरलेल्या जागा चिठ्ठीने भरतात आणि बाकीची मुले प्रतीक्षायादीत जातात.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका भागात पाचवी संपवणारी १,००० मुले आहेत. ६०० गरीब घरांतली, ४०० सुस्थित घरांतली. चार्टर मिडल स्कूलमध्ये १०० जागा आहेत. अर्ज ऑनलाइन भरायचा आहे, मुदत परीक्षेच्या खूप आधी संपते आणि शाळेची बस नाही. गरीब कुटुंबांपैकी १० टक्के म्हणजे ६० जण अर्ज करतात. सुस्थित कुटुंबांपैकी ३५ टक्के म्हणजे १४० जण करतात. एकूण अर्ज २००.

सोडत पूर्णपणे निष्पक्ष आहे. प्रत्येक अर्जदाराची संधी ५० टक्के. संभाव्यतेच्या साध्या नियमाने निवडलेल्या १०० मुलांत सरासरी ३० गरीब आणि ७० सुस्थित घरांतली असतील. भागात गरीब मुलांचे प्रमाण ६० टक्के, शाळेत ३० टक्के. सगळ्या मुलांचा विचार केला, तर गरीब मुलाला जागा मिळण्याची शक्यता ५ टक्के आणि सुस्थित मुलाला साडेसतरा टक्के, म्हणजे साडेतीन पट. सोडतीत कोणीही लबाडी केलेली नाही. यादृच्छिक निवड ज्या समूहातून केली, त्याचीच रचना ती सरासरीने पुढे नेते. समूह कसा तयार झाला, हे तिला दुरुस्त करता येत नाही.

यावर दोन उपाय सुचतात. एक, गरीब मुलांच्या अर्जाला दुप्पट वजन द्यायचे, म्हणजे प्रत्येकाच्या दोन चिठ्ठ्या टाकायच्या. याला भारित सोडत म्हणू. वरच्या उदाहरणात असे केल्यास गरीब मुलांची अपेक्षित संख्या ३० वरून सुमारे ४० होते. दुसरा उपाय, घरोघर जाऊन माहिती देऊन गरीब कुटुंबांचे अर्ज ६० वरून १२० करायचे. मग साध्या सोडतीतही सुमारे ४६ मुले येतात. चिठ्ठ्या दोन्हीकडे तेवढ्याच वाढल्या, पण पहिल्या उपायात एकाच मुलाच्या दोन्ही चिठ्ठ्या निघाल्या तरी जागा एकच मिळते. त्यामुळे अर्जदार वाढवण्याचा परिणाम जास्त होतो. अर्थात दोन्ही उपाय एकत्र करता येतात.

भावंडांच्या सवलतीचाही हिशेब करावा. पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्या थरातली मुले आली, त्यांची भावंडे पुढे सोडतीशिवाय येतात. सुरुवातीचा असमतोल असा वर्षानुवर्षे टिकून राहतो.

६. पट घडवण्याच्या दोन वाटा

*वंचित वस्तीसाठी शाळा.* १९९४ मध्ये ह्यूस्टन शहरात माइक फाइनबर्ग आणि डेव्ह लेव्हिन या दोन तरुण शिक्षकांनी पाचवीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्यातून 'किप' हे शाळांचे जाळे उभे राहिले. १९९५ मध्ये ह्यूस्टनमध्ये आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात त्यांच्या पाचवी ते आठवीच्या शाळा सुरू झाल्या. सकाळी साडेसात ते संध्याकाळी पाच असा दिवस, काही शनिवारीही शाळा, उन्हाळ्यात जादा वर्ग. शिक्षक घरोघर जाऊन पालकांना भेटत. या शाळांनी मिश्र पटाचे उद्दिष्ट ठेवलेच नव्हते. गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना महाविद्यालयापर्यंत नेणे हे त्यांचे ध्येय होते.

मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये किपच्या ४३ मिडल स्कूलचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या गुणांत लक्षणीय सुधारणा आढळली. पटाबद्दलचे निष्कर्षही महत्त्वाचे आहेत. जवळच्या सरकारी शाळांच्या तुलनेत किपमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गरीब मुलांचे प्रमाण जास्त होते. पण विशेष शिक्षणाची गरज असलेली आणि इंग्रजी नव्याने शिकणारी मुले कमी होती. शाळा सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण शेजारच्या शाळांसारखेच होते. मात्र वरच्या इयत्तांत रिकाम्या झालेल्या जागा किपमध्ये तुलनेने कमी भरल्या जात.

हा शेवटचा मुद्दा 'सोडतीनंतर' काय होते ते सांगतो. सातवीत एक मूल गेले आणि त्याच्या जागी प्रतीक्षायादीतले दुसरे घेतले नाही, तर पट लहान होतो आणि टिकून राहिलेल्या मुलांचाच उरतो. सरकारी शाळेला मात्र वर्षाच्या मध्यावर स्थलांतर करून आलेले मूलही घ्यावे लागते. दोन शाळांच्या आठवीची तुलना करताना हा फरक विसरला, तर निष्कर्ष चुकतो.

*हेतुपूर्वक मिश्र शाळा.* दुसरी वाट ऱ्होड आयलंड या छोट्या राज्यात दिसते. २००८ मध्ये तिथे 'महापौर अकादमी' नावाच्या वेगळ्या प्रकारच्या चार्टर शाळांना मान्यता मिळाली. कंबरलंडचे तत्कालीन महापौर डॅनियल मॅकी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. पुढे ते राज्याचे गव्हर्नर झाले. २००९ मध्ये सुरू झालेल्या आणि आता ब्लॅकस्टोन व्हॅली प्रेप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळासमूहात चार ठिकाणची मुले येतात : कंबरलंड आणि लिंकन ही सुस्थित उपनगरे, पॉटकेट आणि सेंट्रल फॉल्स ही कामगारवस्तीची शहरे. सेंट्रल फॉल्स जेमतेम एक चौरस मैलाचे, लॅटिनो बहुसंख्य असलेले शहर आहे. २०११ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली होती. शालेय जिल्ह्यांच्या हद्दी ओलांडून या चार ठिकाणची मुले एका वर्गात बसतात आणि सोडतीत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा विचार केला जातो. मिलिकन निकालाने जी भिंत सक्तीने ओलांडू दिली नाही, ती इथे स्वेच्छेने ओलांडली गेली.

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरात २००० मध्ये सुरू झालेल्या हाय टेक हाय या शाळासमूहाने आणखी वेगळी युक्ती वापरली. त्यांची मिडल स्कूल पुढे निघाली. कॅलिफोर्नियात १९९६ च्या जनमताने सरकारी संस्थांना वर्णाधारित प्राधान्य देण्याची बंदी आहे. म्हणून या शाळांची सोडत पिनकोडच्या आधारे काढली जाते, जेणेकरून शहराच्या सर्व भागांतून मुले यावीत. वस्त्या वेगवेगळ्या असल्यामुळे पिनकोड मिसळले, की मुलेही काही प्रमाणात मिसळतात.

७. वाद : आकडे कसे वाचायचे?

२०१० मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नागरी हक्क प्रकल्पाने एक अहवाल काढला. चार्टर शाळांतील सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीय विद्यार्थी अशा शाळांत शिकतात, जिथे ९० टक्के किंवा अधिक मुले अल्पसंख्य समूहांतील आहेत, असे त्यात म्हटले होते. पारंपरिक सरकारी शाळांपेक्षा हे प्रमाण सुमारे दुप्पट होते.

टीकाकारांनी तुलनेच्या पद्धतीवर बोट ठेवले. चार्टर शाळा प्रामुख्याने मोठ्या शहरांच्या गरीब भागांत आहेत. त्यांची तुलना देशभराच्या शाळांशी न करता शेजारच्या सरकारी शाळेशी केली, तर फरक बराच कमी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंचे आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात. पहिली बाजू 'देशात मुले किती विभागलेली आहेत' हे मोजते. दुसरी बाजू 'मुलाने शाळा बदलल्याने विभागणी वाढली का' हे विचारते. नॉर्थ कॅरोलिनात रॉबर्ट बिफुल्को आणि हेलन लॅड यांनी त्याच मुलांचा मागोवा घेऊन दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधले. तिथे मुले सोडलेल्या शाळेपेक्षा अधिक एकवर्णीय शाळेत गेल्याचे त्यांना आढळले.

मिनेसोटातील वाद आणखी गुंतागुंतीचा आहे. मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात हमोंग आणि सोमाली समाजांची मुले बहुसंख्येने असलेल्या चार्टर शाळा आहेत. आपली भाषा, आपल्या चालीरीती जाणणारे शिक्षक मुलांना मिळावेत म्हणून पालक त्या निवडतात. सक्तीने वेगळे ठेवणे आणि स्वेच्छेने एकत्र येणे यांत फरक नाही का, असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. दुसऱ्या बाजूने २०१५ मध्ये काही पालकांनी राज्याविरुद्ध दावा केला, की शाळांतील वर्णीय विभागणीमुळे मुलांना घटनेने हमी दिलेले पुरेसे शिक्षण मिळत नाही. २०२३ च्या डिसेंबरात मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ वर्णीय असमतोल दाखवून भागणार नाही. त्या असमतोलामुळे शिक्षण अपुरे राहते हे सिद्ध करावे लागेल. मात्र तो असमतोल राज्यानेच घडवला, हे दाखवण्याची गरज नाही.

कायद्याने शाळांना उपलब्ध असलेली साधनेही मर्यादित आहेत. २००७ मध्ये सिएटल आणि लुईव्हिलच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले, की सरकारी शाळांनी एखाद्या मुलाचा वर्ण पाहून त्याला प्रवेश देणे किंवा नाकारणे योग्य नाही. म्हणून पुढच्या काळात उत्पन्न, पत्ता, पालकांचे शिक्षण असे निकष वापरात आले. २०१४ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने वंचित मुलांसाठी भारित सोडतीला, राज्याचा कायदा परवानगी देत असेल तर, मोकळीक दिली. चार्टरबाहेरही हीच पद्धत पसरली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील १५ क्रमांकाच्या शालेय जिल्ह्याने २०१८ मध्ये मिडल स्कूलसाठी गुण आणि चाचण्या रद्द करून सोडत आणली. त्यात ५२ टक्के जागांवर गरीब, बेघर आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना प्राधान्य ठेवले.

८. भारतीय विद्यार्थ्यासाठी तुलना

आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ मध्ये विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा शेजारच्या दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात अशी तरतूद आहे. अनेक राज्यांत या जागा ऑनलाइन सोडतीने भरल्या जातात. दोन देशांच्या पद्धतींत एक मूलभूत फरक आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सोडत आधी होते आणि पटाची रचना तिच्यावर सोपवली जाते. आपल्याकडे रचनेचा एक हिस्सा कायद्याने आधी ठरतो आणि सोडत त्या हिश्श्यापुरती चालते.

पण सोडतीआधीचे प्रश्न इथेही तेच आहेत. दाखले वेळेत मिळतात का? अर्ज कोण भरून देतो? कोणती शाळा 'शेजारची' मानायची? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. सोडत तशीच राहिली असती, पण तिच्या कक्षेतल्या शाळा बदलल्या असत्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. सोडतीनंतरचे प्रश्नही आहेतच : गणवेश, सहल, पुस्तके यांचा खर्च न झेपल्याने मूल शाळा सोडते का, आणि सोडले तर त्याची जागा कोणाला मिळते?

९. समारोप

१९५४ ते १९७४ या काळात अमेरिकेत प्रश्न होता, 'मुलाला कोणत्या शाळेत पाठवायचे' आणि उत्तर देण्याची जबाबदारी शासनाची होती. १९९१ नंतर प्रश्न झाला, 'पालक कोणत्या शाळेसाठी अर्ज करतील' आणि जबाबदारी बऱ्याच अंशी कुटुंबाकडे गेली. निवडीने हजारो गरीब मुलांना चांगली शाळा मिळाली, हे किपच्या अभ्यासावरून दिसते. मिश्र पट मात्र निवडीतून आपोआप तयार झाला नाही. जिथे तो दिसतो, तिथे कोणीतरी हद्द ओलांडणारी सोडत आखली, पिनकोडचा हिशेब ठेवला किंवा गरीब मुलांच्या अर्जांना प्राधान्य दिले. ग्रीन खटल्याने १९६८ मध्ये जे न्यू केंट काउंटीच्या शाळा मंडळाला बजावले, ते आजच्या शाळांच्या पटाकडे पाहतानाही लागू पडते : दार उघडे ठेवल्याने जबाबदारी संपत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. न्यू केंट काउंटीची 'निवडीचे स्वातंत्र्य' योजना आणि आजची चार्टर शाळांची निवड यांत कोणते साम्य आणि कोणते फरक आहेत?

२. भाग ५ मधील उदाहरणात गरीब कुटुंबांचे अर्ज १२० झाले आणि शिवाय त्यांना दुप्पट वजन दिले, तर निवडलेल्या १०० मुलांत साधारण किती गरीब मुले असतील? संगणकावर हजार वेळा सोडत काढून उत्तर तपासा.

३. एखाद्या भाषिक किंवा सांस्कृतिक समूहाने स्वतःची शाळा निवडणे आणि सक्तीची विभागणी यांतला फरक कोणत्या निकषांवर ठरवाल? भारतीय संविधानातील अनुच्छेद ३० च्या संदर्भात चर्चा करा.

४. तुमच्या राज्यात शिक्षण हक्क कायद्याखालील प्रवेशांची प्रक्रिया पाहा. अर्जापासून आठवीपर्यंत मूल कोणकोणत्या टप्प्यांवर गळू शकते, त्याचा तक्ता तयार करा.